सुगी कोणाच्या खळ्यावर?



या वेळी आधी माझीच एक गोष्ट कबूल करते आणि मग पुढे जाते.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडून मराठी आवाज आला. "ताई, आम्ही लातूरकडचे. आमच्या पाळकसाहेबांनी तुमचा नंबर दिला. बायकोला वेल्लोरला दाखवायचं आहे. चेन्नईपर्यंतचं रिझर्व्हेशन झालंय, पण पुढचं काहीच कळत नाही. तिकडची भाषा येत नाही. तुमची थोडी मदत झाली असती तर..."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या ओठांवर एक वाक्य तयार होते. "त्या आठवड्यात मी नेमकी इथे नाही." ते खरे नव्हते. मी इथेच होते. पण मला नको होते. "रात्री कळवते," एवढेच बोलून मी फोन ठेवला.

नको का होते, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी असेच एक कुटुंब आले होते. आईवडील आणि अकरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या मूत्रपिंडाचा आजार होता. मी पहाटे सेंट्रल स्टेशनवर गेले, त्यांना घरी आणले, आंघोळ आणि जेवण झाल्यावर काटपाडीच्या गाडीत बसवून दिले. पुढचे तीन आठवडे ते वेल्लोरच्या एका लॉजवर होते. त्या काळात मी चार वेळा वेल्लोरला गेले. उरलेले दिवस फोनवर. औषधाच्या दुकानात काय सांगायचे, रिक्षावाला किती मागतो, डॉक्टर काय म्हणाले, सगळे माझ्या कानातून जायचे. घरी पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर असायचा. आमच्या घरचे हसून म्हणायचे, "चालू द्या तुमच्या लष्कराच्या भाकऱ्या."

मुलगा बरा होऊन गावी गेला. त्यानंतर एकही फोन नाही. मी दोनदा मेसेज केला, "बाळ कसा आहे?" दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. मग एके दिवशी त्यांच्या स्टेटसवर मुलाच्या वाढदिवसाचा फोटो दिसला. खाली बऱ्याच जणांचे आभार मानले होते. गावातल्या पुढाऱ्याचेसुद्धा. माझे नाव नव्हते.

खरे सांगते, मला फार लागले. मुलगा बरा झाला याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण त्याच्या खाली एक काटा होता. आणि दोन वर्षांनी लातूरचा फोन आला तेव्हा तोच काटा बोलू पाहत होता.

तुमच्याही घरात असा एखादा काटा असेल. सासूबाईंची नऊ वर्षे सेवा करणारी सून असते, आणि कौतुक होते ते दिवाळीला चार दिवस येऊन जाणाऱ्यांचे. ऑफिसात प्रामाणिकपणे काम करणारा मागे राहतो, आणि साहेबाच्या पुढे-पुढे करणारा वर चढतो. शाळेत मित्राला वही देणाऱ्या मुलाला तोच मित्र खेळताना बाजूला ठेवतो. मग मनात प्रश्न येतो, की मीच का? चांगले वागून मला काय मिळाले?

पौलाचा शेतकरी

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, नवव्या वचनात या थकव्याला हात घातला आहे. भले करता करता दमून हात खाली टाकू नका. मधेच सोडून दिले नाही तर योग्य वेळी पीक पदरात पडेल, असा त्याचा आशय आहे. हे वचन आपल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर लावलेले असते.

पण मी हे वचन वर्षानुवर्षे चुकीचे वाचत आले, हे मला त्या रविवारी कळले. मी ते असे वाचत होते, की आज मी पेरते, थोडे थांबते, मग माझ्याच खळ्यावर रास पडते. म्हणजे मी मदत केली, तर तेच कुटुंब मला फोन करेल. मी सेवा केली, तर त्याच सासूबाई माझे नाव घेतील. जिथे पेरले तिथेच, त्याच माणसाकडून आणि माझ्या डोळ्यांदेखत उगवेल.

पौलाने पीक येईल असे सांगितले. ते कोणाच्या खळ्यावर येईल, हे मात्र सांगितलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू शोमरोनातल्या विहिरीपाशी शिष्यांना सांगतो, की पेरणारा एक असतो आणि कापणी करणारा दुसरा. तुम्ही जे कापायला निघाला आहात, त्यासाठी कष्ट दुसऱ्यांनीच केले आहेत.

हे नुसते बोलणे नाही. आपल्या मुंबईत पेरलेले बी इथे चेन्नईजवळ कसे उगवले, याची एक खरी गोष्ट आहे. मराठी ख्रिस्ती घरांत ती जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. आज ती सांगते.

मुंबईचा पेरणारा

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी मुंबईच्या बंदरात उतरले. त्या वेळी इथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते आणि कंपनीला मिशनरी नको होते. त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम झाला. ते गुपचूप दक्षिणेकडे निघाले, तर कोचीनला त्यांना अडवून परत मुंबईला आणले गेले. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना कळकळीचे पत्र लिहिले. बऱ्याच खटपटीनंतर राहण्याची परवानगी मिळाली.

पुढची तेरा वर्षे हॉल यांनी मराठी माणसांत काढली. ते मराठी शिकले. रस्त्यात, बाजारात, देवळांच्या आसपास लोकांशी बोलत राहिले. सोबत्यांबरोबर शाळा काढल्या. मिशनने छापखाना उभा केला. नव्या कराराचे मराठी भाषांतर हाती घेतले.

आणि हाती काय आले? लोक ऐकत, हसत, वाद घालत आणि निघून जात. तेरा वर्षांत मंडळीत आलेले इथले लोक अगदी मोजकेच होते. सोबती सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईतच पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारले. १८२५ मध्ये हॉल यांची पत्नी दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्या प्रवासात थोरला मुलगा बोटीवरच गेला. हॉल मात्र कामासाठी मुंबईत मागे राहिले होते.

मार्च १८२६ मध्ये ते दोन ख्रिस्ती मुलांना सोबत घेऊन नाशिककडे गेले. नाशिकात पटकीची साथ होती. माणसे पटापट मरत होती. हॉल यांनी जवळचे जवळजवळ सगळे औषध तिथल्या आजाऱ्यांना वाटून टाकले. परतीच्या वाटेवर एका लहान गावात रात्री उशिरा मुक्कामाला थांबले. जागा मिळाली ती एका देवळाच्या ओसरीवर. पहाटे पुढे निघायची तयारी करत असताना त्यांनाच पटकीने गाठले. उरलेले थोडे औषध घेतले, पण ते पोटात ठरले नाही.

२० मार्च १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते एक्केचाळीस. जवळ ना पत्नी, ना मुलगा, ना सोबती. त्या दोन मुलांनीच खड्डा करवून घेतला आणि कांबळ्यात गुंडाळून त्यांना मातीआड केले. पेटीसुद्धा नव्हती.

वाचकहो, इथे गोष्ट थांबवली तर आपण काय म्हणू? औषध दुसऱ्यांना दिले आणि स्वतः त्याच आजाराने गेला. तेरा वर्षे घातली आणि दाखवायला काही नाही. आपल्या वहीत हा हिशेब सरळ तोट्याचा आहे.

पण गोष्ट तिथे थांबली नाही.

उगवले कुठे कुठे

हॉल वारले त्याच वर्षी, १८२६ मध्ये, ज्या भाषांतरासाठी ते झिजले तो मराठी नवा करार मुंबईत छापून पुरा झाला.

मिशनच्या त्याच छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा टाइप घासायच्या कामाला लागला. तिथे तो हुन्नर शिकला आणि मोठेपणी, १८६९ मध्ये, त्याने निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत आणि मराठी ग्रंथ सुबक छापणारा निर्णयसागर पुढे देशभर नावाजला. छापखाना उभारताना कोणाच्याही ध्यानीमनी नसलेले हे पीक.

१८२७ मध्ये याच मिशनमध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुलींच्या शाळांसाठी मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला गेली. जोतीराव फुले यांनी तिची अहमदनगरची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. त्यानंतर सावित्रीबाईंनी काय केले ते आपल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. आज तुमच्या घरातली मुलगी हा लेख मोबाइलवर वाचत असेल, तर त्या पिकाचा एक दाणा तिच्याही ओंजळीत आहे.

आणि आता चेन्नईची गोष्ट.

मुंबईत असताना हॉल आणि न्यूवेल यांनी मिळून एक पुस्तिका लिहिली होती. जगातल्या साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान पोहोचलेले नाही, त्यांच्याकडे कोण जाणार, असा तिचा विषय. १८१८ मध्ये ती अमेरिकेत छापली गेली. न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॉन स्कडर नावाचे एक तरुण डॉक्टर होते. प्रॅक्टिस चांगली चालली होती, लग्न झाले होते, घरात लहान मूल होते. एकदा ते एका आजारी बाईंना तपासायला गेले आणि बाहेरच्या खोलीत थांबले असताना त्यांच्या हाती ही पुस्तिका लागली. ती त्यांनी वाचली आणि त्यांना राहवेना. जून १८१९ मध्ये ते पत्नी हॅरिएट आणि मुलीसह बोटीत बसले. मुलगी या प्रवासाच्या काळातच दगावली. तरी ते मागे फिरले नाहीत. आधी सिलोनमध्ये, जाफनाकडे, त्यांनी दवाखाना चालवला. १८३६ मध्ये ते मद्रासला, म्हणजे आपल्या चेन्नईला, आले.

डॉ. स्कडर यांचे सात मुलगे मिशनच्या कामाला लागले. त्यांतल्या धाकट्याची मुलगी म्हणजे आयडा. तिचा जन्म १८७० चा, राणीपेटचा. लहानपणी तिने इथला दुष्काळ पाहिला होता आणि मिशनरी व्हायचे नाही असे तिने पक्के ठरवले होते. अमेरिकेत शिकत असताना आई आजारी पडली म्हणून ती तिंडीवनमला आली. चेन्नईहून पाँडिचेरीच्या वाटेवरचे हे गाव. एका रात्री तिच्या दारात एकामागून एक तीन पुरुष आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक दुसऱ्या जातीचा हिंदू. तिघांच्या बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडा म्हणाली, मी डॉक्टर नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. पण परक्या पुरुषाने बायकोला तपासणे तिघांनाही चालणार नव्हते. सकाळ झाली तेव्हा तिन्ही बायका मेल्या होत्या.

आयडा अमेरिकेला परत गेली ती डॉक्टर होण्यासाठी. १९०० मध्ये ती वेल्लोरला आली आणि घरातच एका खाटेचा दवाखाना सुरू केला. १९०२ मध्ये चाळीस खाटांचे रुग्णालय झाले. १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. त्या एका खाटेचे आज जे झाले आहे, ते वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. तिथे रोज हजारो आजारी माणसे येतात. बंगाल, झारखंड, ईशान्येकडची राज्ये, आणि आपला महाराष्ट्रसुद्धा.

आता ही साखळी उलटी धरून पाहा. लातूरचा एक माणूस बायकोला घेऊन वेल्लोरला निघतो. वेल्लोर आहे कारण आयडा. आयडा इथे आहे कारण तिचे आजोबा. आजोबा आले कारण एक पुस्तिका. आणि ती लिहिली होती मुंबईत, मराठी माणसांत बसून, ज्याला आपले काम उगवताना दिसत नव्हते अशा माणसाने.

नाशिकच्या वाटेवर ज्याच्याजवळचे औषध संपले, त्याच्या दोन ओळींतून एवढे मोठे रुग्णालय उगवले. मराठी माणसे आज तिथे बरी होऊन घरी जातात. हॉल यांनी हे पाहिले नाही. वेल्लोरची ती पहिली खाट पडली तेव्हा त्यांना जाऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

मग मी काय पाहिले

ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती. तरीही त्या रविवारी मी खोटे बोलायला निघाले होते. माहीत असणे आणि मनात उतरणे यात बरेच अंतर असते.

संध्याकाळी मी लूकचे शुभवर्तमान उघडले. सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहा जण बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. मी मनात म्हटले, पाहा, प्रभूलासुद्धा नऊ जणांनी फोन केला नाही! मला बरे वाटले. मी प्रभूच्या रांगेत बसले होते ना.

आणि मग एकदम आठवले. मी त्या रांगेतली नाहीच. मी नऊ जणांतली आहे.

बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी चेन्नईत आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. दूधवाला काय म्हणतो ते कळायचे नाही. भाजीवालीसमोर बोटाने खुणा करायचे. घरचे सकाळी कामाला गेले की दार लावून रडायचे. खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. मी त्यांना पाट्टी म्हणायचे, म्हणजे आजी. त्यांनी मला रोज दुपारी खाली बोलवायला सुरुवात केली. स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी द्यायच्या आणि एकेक वस्तू दाखवून नाव घ्यायला लावायच्या. पाल, तण्णी, अरिसी, उप्पु. दूध, पाणी, तांदूळ, मीठ. चुकले की हसायच्या नाहीत. पुन्हा म्हणायला लावायच्या. दोन वर्षांत मी बाजारात भांडून भाव करू लागले. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी रात्री दोन वाजता रिक्षा करून मला दवाखान्यात नेणाऱ्याही त्याच.

मग आम्ही दुसऱ्या भागात राहायला गेलो. सुरुवातीला दोन-तीनदा भेटून आले. नंतर मुलांच्या शाळा, कामे, हे ते. "पुढच्या महिन्यात जाऊ" असे म्हणता म्हणता वर्षे गेली. एकदा कोणाकडून तरी कळले, की पाट्टी गेल्या. मी त्यांचे नीट आभार कधी मानलेच नाहीत.

त्या बाईंनी मला शिकवलेली तमिळ मी आज कोणासाठी वापरते? वेल्लोरला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी. पाट्टींनी मराठवाडा कधी पाहिला नाही. त्यांनी पेरले आणि मी पळून गेले, असे त्यांना वाटले असेल का? वाटले असेल तर ते चूक नव्हते. पण त्यांचे बी वाया गेलेले नाही. ते माझ्या जिभेवर उगवले आहे.

मग माझ्या मनात आले, ज्या कुटुंबाने मला फोन केला नाही, त्यांच्याकडे माझेही काही बी पडले असेल. ते कुठे उगवेल ते मला कोण सांगणार? कदाचित तो मुलगा कधीतरी स्टेशनवर एखाद्या गोंधळलेल्या माणसाला हाताला धरून गाडीत बसवून देईल. कदाचित नाहीही. ते पाहणे माझे काम नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय सांगतो, की देव अन्यायी नाही. आपले काम आणि त्याच्या नावासाठी दाखवलेली प्रीती तो विसरत नाही. हिशेबाची वही त्याच्याकडे आहे. मी माझी वेगळी वही ठेवायला लागते, तेव्हाच काटा रुतायला लागतो.

थकणाऱ्यांसाठी तीन गोष्टी

आता थोडे व्यवहाराचे बोलू. कारण "खचू नका" असे सांगणे सोपे असते.

पहिली गोष्ट. थकणे हे पाप नाही. १ राजे, एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा इतका दमला होता, की त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला का? आधी झोपू दिले. मग भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले. काम नंतर सांगितले. तुम्ही आजाऱ्याची सेवा करत असाल तर आठवड्यातून एक दुपार स्वतःसाठी मागून घ्या. घरातल्या इतरांनी ती द्यावी. तुम्ही पुरते कोलमडलात तर सेवा कोण करणार?

दुसरी गोष्ट. चांगले करणे म्हणजे अन्याय मुकाट सोसणे नव्हे. कोणी फसवत असेल, मारत असेल, तुमच्या भलेपणाचा धंदा करत असेल, तर तिथे "नाही" म्हणणे हेही चांगलेच काम आहे. पौल पेरायला सांगतो. चोराच्या पोत्यात बी ओतायला सांगत नाही.

तिसरी गोष्ट मी मलाच सांगते आहे. ज्यांचे आभार राहून गेले आहेत त्यांना आजच फोन करा. उद्यावर टाकू नका. एखादे पेरणारे माणसू आज संध्याकाळी खिडकीत बसून विचार करत असेल, की मी जे केले ते सगळे फुकट गेले का. तुमच्या दोन मिनिटांनी त्याचे खाली आलेले हात पुन्हा वर येतील. मुलांनो, तुम्हीसुद्धा. पहिलीच्या बाई, शाळेच्या व्हॅनचे काका, गावाकडची आजी. यादी करा आणि एकेकाला फोन लावा.

त्या रविवारी रात्री मी लातूरला फोन केला. म्हटले, "गाडी किती वाजता पोहोचते ते कळवा. मी सेंट्रलला येते."

ते आले. बाई अशक्त होत्या, पण हसल्या. त्यांना काटपाडीच्या गाडीत बसवताना मी त्यांना चार शब्द शिकवले. पाल, तण्णी, अरिसी, उप्पु. चुकले तेव्हा मी हसले नाही. गाडी सुटली आणि त्यांचे यजमान खिडकीतून ओरडून म्हणाले, "ताई, पोचल्यावर फोन करतो!"

तो फोन आला नाही, हेही खरे सांगते. दुसऱ्या दिवशी मीच केला. त्यांना वेळेवर डॉक्टर भेटले होते.

चला, आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, चांगले करता करता आमचे हात थकतात आणि मन कडू होते, हे तू जाणतोस. ज्यांनी आमच्या आयुष्यात पेरले आणि ज्यांना आम्ही विसरलो, त्यांची तू आठवण ठेव. आज जो कोणी सोडून देण्याच्या बेतात आहे, त्याला विसावा दे, भाकर दे आणि पुन्हा उठव. पीक कोणाच्या खळ्यावर पडेल हे विचारणे आम्ही सोडून देतो. बी मात्र आमच्या मुठीत शेवटपर्यंत राहू दे. तुझ्या नावाने मागतो, आमेन.